बावडीतल्या राजाचं गाव

आमचा भाडेकरू दिवाकर चहाचा एक घोट घ्यायचा, कप खाली ठेवायचा आणि माझ्याकडे बघत बसायचा.

पहिल्या दिवशी मला वाटलं, कपात माशी पडली असेल. मी विचारलं, "काहून रे, गोड नाही झाला का?"

"झाला ना जी."

"मंग पी ना."

"मी पेलो, काकाजी. आता तुमची बारी."

मी घोट घेतला. मग त्यानं घेतला. पुन्हा कप खाली, पुन्हा डोळे माझ्याकडे. असा तो एक कप चहा आम्ही इतका लांबवला की शेवटी त्यावर साय धरली. आतून आमची मंडळी ओरडली, "चाय पिऊन राह्यले का बुद्धिबळ खेळून राह्यले?"

त्या बाईनं न बघता बरोबर सांगितलं होतं. पण ते मला पुष्कळ पुढं कळलं.

आधी माझं सांगतो, कारण बालाघाटातलं हे घर माझं आहे. मी नारायण ड्रायव्हर. बालाघाट-गोंदिया रस्त्यावर उभी हयात बस चालवली. शिक्षण तिसरी. चौथीत गेलो नाही, कारण तिसरीचे गुरुजी मला सगळ्यांसमोर दगड म्हणाले आणि मी सांगून टाकलं की आता ह्या शाळेत पाय ठेवणार नाही. नाही ठेवला. पुढं तेच गुरुजी माझ्या बसनं गोंदियाला जायचे आणि वळण आलं की देवाचं नाव घ्यायचे. मी वळण मुद्दाम जोरात घ्यायचो असं नाही. पण हळूही घेत नव्हतो. अक्षरं मला येतात. दुकानांच्या पाट्या वाचत वाचत आली, हिंदीही आणि मराठीही, आणि फुकट आली.

बसवाल्याला एक गोष्ट पक्की कळते. माणसाचं गाव कळलं की माणूस अर्धा कळला. उरलेला अर्धा 'कोणाकडचे' ते विचारलं की कळतो. तर दिवाकर खोली मागायला आला तेव्हा मी भाड्याचं नंतर बोललो, आधी गाव विचारलं.

"कटंगीचा," तो म्हणाला.

"कटंगीत कुठं?"

"बाजाराच्या मागं. तुमसरची बस फिरते ना जी, त्या चिंचेपाशी."

चिंच बरोबर होती. मी खोली दिली. तीस-पस्तिशीचा सडाफटिंग, बाजारातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात कामाला. रेडिओ, टीव्ही आणि तेव्हा नवे नवे आलेले कॉम्प्युटर. अंगाला नेहमी राळ जळाल्यासारखा एक वास. तो तारा जोडायला वितळवतात त्या कथलाचा, हे त्यानं सांगितलं.

आठ-पंधरा दिवसांनी मंडळी म्हणाली, "बिचारा हट्ट्याचा हाय. तिथल्या बावडीत उतरून बसे म्हने लहानपणी, उन्हाळ्यात."

"हट्ट्याचा नाही, कटंगीचा."

"मले हट्टा सांगतलं."

न्हाव्याकडं गेलो तर न्हावी म्हणाला, तुमचा भाडेकरू लांजीचा ना? मी घरी येऊन त्याला समोर उभं केलं. हट्ट्याच्या बावडीला पायऱ्या कोणत्या बाजूनं, विचारलं. बरोबर सांगितलं. लांजीला देवळाकडं कसं जायचं, विचारलं. तेही बरोबर. माणूस खोटं बोलतो, पण खोट्याचा पत्ता खरा देतो! असला प्रवासी मला आयुष्यभरात भेटला नव्हता.

मंडळीचं मत तयार होतं. "सीआयडीवाला असंन."

"सीआयडीवाला फुटके टीव्ही दुरुस्त करंन का?"

"तेच तं. वळखू येऊ नाही म्हणून."

आमच्या अंगणात चौकोनी फरशी आहे. दिवाकर त्या फरशीवरून कधी तिरपा चालला नाही. न्हाणीघरातून त्याची खोली समोर कोपऱ्यात. कोणीही सरळ तिरपा जाईल. हा चार फरश्या पुढं यायचा, काटकोनात वळायचा, मग तीन फरश्या. मी म्हटलं, "तिरपं काहून नाही चालत?"

"तिरपं चालता येत नाही जी."

"कोण म्हनते?"

"नियम हाय."

"कोनाचा?"

"माहाच."

रस्ता रिकामा असताना, बघणारं कोणी नसताना जो माणूस स्वतःचा नियम पाळतो, त्याला ड्रायव्हर माणूस हसू शकत नाही. बाकीचे हसोत.

एकदा मंडळीनं अंगणात मूगवड्या घातल्या. हा आंघोळ करून निघाला आणि अर्ध्या वाटेत अडकला. पुढं वड्या, मागं तो पुढं सरकल्यावर मंडळीनं ठेवलेलं सूप, दोन्ही अंगांना वड्या. तिरपी फरशी मोकळी पडली होती, पण तो हलला नाही. डोक्यावर ओला टॉवेल, अंगावरून पाणी निथळतंय, आणि हा उन्हात खांबासारखा उभा. मंडळी बघत राहिली, मग कपाळावर हात मारून तिनं सूप उचललं.

"आता माही बारी," असं म्हणून तो शांतपणे मागं फिरला आणि लांबून वळसा घालून खोलीत गेला.

भाजीबाजारातही तेच. भाव एकदाच बोलायचा आणि उभा राहायचा. भाजीवाली म्हणायची, "भैया, कुछ बोलोगे कि नहीं?" हा म्हणायचा, "मेरी बारी हो गई, बाई." माणसाला कोणाचं ओरडणं सहन होतं, कोणाचं असं वाट बघणं सहन होत नाही. ती दोनदा भाव उतरवायची आणि वर कोथिंबीर द्यायची, जा बाबा म्हणून. मंडळी त्यानंतर भाजीला त्यालाच पाठवू लागली, सीआयडी असो की काही असो.

ह्या सगळ्याचं मूळ मला एका दुपारी सापडलं. मी भाड्याचा पंखा बघायच्या निमित्तानं त्याच्या खोलीत गेलो. पंखा ठीक होता. टेबलावर एक वस्तू होती: तळहाताएवढी, कपड्याच्या साबणाच्या वडीसारखी जाड, वर चिमुकली काच, खाली दोन-चार बटणं. दुकानात कोणीतरी हे परदेशी खेळणं दुरुस्तीला टाकून गेलं होतं आणि परत आलंच नाही. शेवटी मालकानं ते दिवाकरला देऊन टाकलं. ह्यानं ते जिवंत केलं.

काचेवर चौकोनच चौकोन आणि त्यांत मुंगीएवढे शिपाई. आपण आपला शिपाई हलवायचा, सरळच, तिरपा नाही, मग शत्रू हलवणार, मग आपण. कोणी घाई करत नाही. तुम्ही जेवून या, शत्रू तलवार धरून तसाच उभा. मला हे फार सभ्य वाटलं. आमच्या रस्त्यावर ट्रकवाले इतके सभ्य असते तर माझे केस उशिरा पिकले असते.

पण गोम पुढं होती. दोन शिपाई समोरासमोर आले की काचेवर त्यांची तोंडं दिसायची. एक काहीतरी बोलायचा, दुसरा उत्तर द्यायचा, आणि मग हाणामारी. बोलणं लिहून यायचं, पण कुठल्या तरी दूरदेशीच्या लिपीत. कोंबडी शेणातून चालत गेल्यासारखी अक्षरं.

मी विचारलं, "हे काय बोलून राह्यले?"

"पहिले मलेबी नाही समजलं, काकाजी. मंग विचार केला. दोन अनोळखी माणसं रस्त्यात भेटली तं पहिले काय विचारतीन?"

"गाव."

"हौ ना जी! मंग हे दुसरं काय विचारतीन?"

मला आजही ह्यात चूक दिसत नाही.

"पण एक गोष्ट बरोबर नाही," तो म्हणाला आणि त्याचा चेहरा खरोखर उतरला. "गाव विचारते, पुढचा सांगते, आणि तरीबी मारते. असं कसं?"

म्हणून त्यानं स्वतःचा खेळ बनवायला घेतला होता. दुकानातल्या मोडक्या सामानातून कॉम्प्युटर जोडलेला, त्याचं पोट उघडं, आतल्या तारा बाहेर. नागपूरहून आणलेली जाडजूड इंग्रजी पुस्तकं उशाखाली. दिवसा दुकान, उरलेल्या वेळात हे. खेळाचं नाव 'बावडी'. वैनगंगेच्या दोन काठांवर दोन राज्यं. पल्याडचा राजा हट्ट्याच्या बावडीसारख्या एका खोल बावडीत, अगदी तळाशी, एकटा बसलेला, आणि साऱ्या विहिरींचं पाणी त्यानं अडवून धरलेलं. आपण फौज घेऊन नदी ओलांडायची, चौकोनाचौकोनानं पायऱ्या उतरायच्या आणि पाणी सोडवायचं.

"खेळता का?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, पोरांचे खेळ मी खेळत नाही. आणि खुर्ची ओढून बसलो.

पहिला डाव मी हरलो. मी बसवाला माणूस. पुढं मोकळं दिसलं की गाडी घालतो. शत्रू दिसला की मारला, दिसला की मारला. दोन मारले आणि माझेच तीन शिपाई तलवारी टाकून झाडाखाली जाऊन बसले.

"तुह्यं मशीन बिघडलं," मी म्हटलं.

"नाही जी. ते रुसले."

"काहून?"

"तुम्ही न विचारता मारलं. तो याइच्यातल्या एकाच्या मावशीचा पोरगा होता."

तर असा खेळ होता. वार करायच्या आधी 'गाव विचारा' असं एक बटण. ते दाबलं की दोघांचं बोलणं सुरू. कोणत्या गावचे? अमक्या. कोणाकडचे? तमक्याकडचे. आणि दहातल्या आठ वेळा काहीतरी निघायचंच. साडू निघाला तर दोघं तलवारी ठेवून एक बारी चहा प्यायचे आणि तो आपल्या बाजूला यायचा. मामा निघाला तर नमस्कार करून बाजूला व्हायचं, तो आपला घरी निघून जायचा. व्याही निघाला तर फार जपून, शब्द इकडचा तिकडं झाला की लढाई दुप्पट. आणि जावई निघाला तर संपलंच. आपला घोडा त्याला देऊन स्वतः पायी चालायचं, आणि वर तो तोंड वाकडं करणार ते वेगळं. एका जावयानं माझे सगळे घोडे नेले. मंडळी मागं उभी राहून बघत होती, म्हणाली, "हे मातर अगदी खरं बनवलं."

मी रोज दुपारी जेवून बसू लागलो. लाइट जायची, तेव्हा ती रोजच जायची. एकदा माझा शिपाई नदीच्या मधोमध उभा आणि लाइट गेली, ती दुसऱ्या दिवशीपर्यंत आलीच नाही. मला घास गोड लागेना. दिवाकर म्हणाला, "काकाजी, पाणी त्याच्या गुडघ्याएवढंच हाय. मी खोल नाही ठेवलं." ते ऐकून बरं वाटलं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, आता लिहिलं आहे.

दिवाकरचा एक मित्र नागपूरला होता, शेखर. कॉम्प्युटरच्या एका मासिकात कामाला. ते मासिकासोबत सीडी वाटायचे, तिच्यात लोकांनी घरी बनवलेले खेळ असायचे. शेखर येऊन बसला, खेळ बघितला आणि खुर्चीतून उठलाच नाही. मग म्हणाला, "दिवाकर, कमाल आहे. पण ते गाव विचारणं काढून टाक. लोकांना लढाई पाहिजे."

"लढाई हायच ना. न विचारता मारून घरी गेलो, तं घरी काय सांगायचं?"

"अरे, खेळ आहे तो."

"मंग तं आणखीनच विचारून घ्यावं. खेळात कोनाले घाई असते?"

शेखर माझ्याकडे वळला, मोठा माणूस म्हणून. मी सांगितलं, "गाव काढलं तं मी खेळनार नाही." इतके दिवस खेळणारा मी एकटाच होतो, त्यामुळं माझ्या बोलण्याला वजन आलं.

शेखर हसला. "राहू द्या गाव. पण पूर्ण करून दे. शेवटचा राजा अर्धवट आहे तुझा, तिथं खेळ थांबतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी न्यायला येतो. तेव्हा नाही झाला, तर ही सीडी गेली. पुढच्या सीडीचं मी सांगू शकत नाही, मासिकच बंद पडायला टेकलंय."

"होईन," दिवाकर म्हणाला. पण ते त्यानं कटंगी सांगितली होती त्याच आवाजात सांगितलं.

पोळा जवळ येत गेला आणि दिवाकर चहाचा घोट घेऊन कप ठेवायचा, पण माझ्याकडे बघायचा नाही. मी घोट घेतला की नाही ह्याचंही त्याला भान नसायचं. एकदा तर अंगणातून तिरपा चालत गेला. मंडळी घाबरली. म्हणाली, "पोराची तब्येत बरोबर नाही."

त्या दिवसांत मी बावडीच्या पायऱ्या उतरत होतो. वाटेत मेहुणे भेटले, आतेभाऊ भेटले, एका शिपायाची तर माझ्याच फौजेतल्या एकाशी सोयरीक मोडलेली निघाली, ती सांभाळली. शेखर यायच्या आदल्या दुपारी मी तळाशी पोचलो. तिथं तो राजा. बाकीच्यांना चिलखत, ढाल, मिशा. ह्याला साधा सदरा. एका चौकोनात एकटा, चारही बाजूंनी पाणी.

मी आता शहाणा झालो होतो. तलवार काढली नाही. 'गाव विचारा' दाबलं.

कोणत्या गावचे?

राजाचं तोंड दिसलं, खाली बोलायची चौकट उघडली, आणि चौकट रिकामी. नुसती एक बारीक रेघ लुकलुकत राहिली. मी बटण दाबलं. रेघ लुकलुकली. पुन्हा दाबलं.

"अडकलं रे तुह्यं मशीन!"

दिवाकर दाराशी उभा होता. "मशीन नाही अडकलं, काकाजी. मीच अडकलो."

"एक गाव तं लिहायचं. लिही कटंगी."

"लिहून पाह्यलं. कटंगी लिहिलं, हट्टा लिहिलं, लांजी लिहिलं. खोटं वाटते. बाकी सगळ्याइचं खरं लिहिलं, आणि त्याचंच खोटं कसं लिहू?" तो खाली फरशीकडे बघत होता. "आणि गाव नाही, तं नातं निघत नाही. नातं नाही निघत, तं मंग त्याले मारावंच लागते."

"मंग त्याचं खरं गाव कोणतं?"

मी वाट बघितली. त्याची बारी होती.

मग त्यानं सांगितलं, फार थोडक्यात, एखादं यंत्र कसं बिघडलं ते सांगावं तसं. गोंदियाच्या स्टेशनावर सापडला होता, बोलताही येत नव्हतं तेव्हा. आश्रमात, पुढं आश्रमशाळेत वाढला. सुट्टी लागली की बाकीची पोरं गावी जायची, तर एखादं पोरगं ह्याला सोबत न्यायचं. एक उन्हाळा कटंगीला. एक हट्ट्याला, दुपारी मित्राच्या घरचे निजले की हा बावडीत उतरून बसायचा, तिथं गार असायचं आणि कोणी काही विचारायचं नाही. एक दिवाळी लांजीला. "मी खोटं नाही सांगतलं, काकाजी. जिथं राह्यलो तेच सांगतलं. फक्त कोनाकडचा, हे विचारलं की पुढं येत नाही."

मला रागच आला. कोणावर ते सांगता येणार नाही, ज्याच्यावर काढावा असं समोर कोणी नव्हतं. मी खुर्चीवरून उठलो आणि खुर्ची त्याच्याकडे ढकलली.

"बस. लिही. राजेगाव."

"तुमचं गाव?"

"माहं. कोनाच्या बापाची चोरी हाय का? गोंदियाहून निघालं की बालाघाटच्या वाटेवरच लागते ते. तू आला त्याच वाटेनं ना? मंग मधात राजेगाव लागलंच असंन. लिही."

"काकाजी, पण..."

"मी एकदा बोललो की बोललो. शाळेले विचार. कोनाकडचा? तं लिही, नारायण ड्रायव्हरकडचा."

तो बसला. बोटं बटणांवर ठेवली, पण दाबेना. मग हळूच म्हणाला, "नातं काय लिहू?"

इथं मी अडकलो. सगळी नाती खेळात दुसऱ्यांना वाटून झाली होती आणि माझ्या तोंडात एकही येईना. मंडळी दाराशी तांदूळ निवडत होती. तिनं सुपातून मानही वर केली नाही.

"काकाजी म्हनते ना तू याइले? मंग पुतण्या. त्यात विचार काय करून राह्यले दोघं?"

दिवाकरनं लिहिलं. मग मला पुन्हा खेळायला बसवलं. मी गाव विचारलं. राजा म्हणाला, राजेगाव. कोणाकडचे? नारायण ड्रायव्हरकडचा, पुतण्या. आणि बावडीच्या तळाशी माझ्या शिपायानं तलवार ठेवली, दोघं पायरीवर बसले, चहा आला आणि पाणी आपोआप सुटलं. मी चष्मा पुसला. त्या कॉम्प्युटरचा उजेड डोळ्यांना वाईट असतो.

दुसऱ्या दिवशी शेखर खेळ घेऊन गेला. मासिकासोबत ती सीडी कुठं कुठं गेली, किती जणांनी खेळ खेळला, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही आणि दिवाकरनंही विचारलं नाही. कारण पोळ्याच्या दिवशी सकाळी मंडळीनं त्याला नवा सदरा दिला आणि आम्ही तिघं बसनं राजेगावला निघालो. मी खिडकीशी बसलो. चालवणारा नवा पोरगा वळणं फार हळू घेत होता.

गावात बैल सजत होते. पारावर गावातले सगळ्यात म्हातारे महादूबाबाजी बसले होते. डोळ्यांनी दिसत नाही, पण नवं पाऊल त्यांना लगेच कळतं.

"नारायण, सोबत कोन हाय? पाहुणे, कोणत्या गावचे तुम्ही?"

दिवाकरनं माझ्याकडे बघितलं. मी बैलांकडे बघितलं.

"इथलाच जी," तो म्हणाला. "राजेगावचा."

"राजेगावचा? आवाज वळखीचा नाही. कोनाकडचा?"

"नारायण ड्रायव्हरकडचा. पुतण्या."

महादूबाबाजींना माझ्या घरचं सगळं ठाऊक. मला भाऊ नाही हेही ठाऊक. त्यांनी जरा वेळ मान हलवली, काठी बाजूला ठेवली आणि हात पुढं करून दिवाकरचा खांदा चाचपला.

"मंग तं तू माहा नातू लागते रे. उभा काहून? बस. चाय सांगा रे दोन!"

चहा आला. दिवाकरनं एक घोट घेतला, कप पारावर ठेवला आणि त्या आंधळ्या म्हाताऱ्याकडे बघत बसला. पारावर सगळे चूप. महादूबाबाजी इकडे तिकडे मान फिरवू लागले. "काहून चूप बसले सारे? काय झालं?"

मी म्हटलं, "काही नाही, बाबाजी. आता तुमची बारी हाय."